इंदापूरचा माळ आणि मोडतोडीचा हिशेब

माळप्रेमी : माझं म्हणणं आधी एका दमात सांगून टाकतो, मग तुम्ही त्याची चिरफाड करा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या माळरानावर आज जी विविधता उरली आहे, ती तिथल्या मोडतोडीमुळे उरली आहे. मेंढ्यांची चराई, अधूनमधून लागणारा वणवा, खुरांनी उकरलेली जमीन, सगळं करपून टाकणारा दुष्काळ हे सगळं काढून घेतलं तर माळ एकसुरी होईल. कडबनवाडी, शिर्सुफळ किंवा सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य बघा. मयूरेश्वर जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. या तुकड्यांत आणि त्यांच्या भोवतीच्या गायरानांत चिंकारा आहे, लांडगा, खोकड, तरस आहे, हिवाळ्यात भोवत्या पक्षी येतात. आता धाविक पक्षी घ्या. तो उघड्या मुरमावर अंडी घालतो आणि पळून पळून किडे टिपतो. गवत गुडघ्याएवढं झालं की तो ती जागा सोडतो. माळटिटवीचंही तसंच. याउलट तणमोराला पावसाळ्यात लपण्यापुरतं उंच गवत लागतं, भोवत्यांनाही रात्री टेकायला दाट गवत लागतं. एकाच उंचीचा, एकाच वयाचा माळ या सगळ्यांना पुरा पडूच शकत नाही. कुठे चरलेला, कुठे जळालेला, कुठे दोन वर्षं न चरलेला असा ठिगळाठिगळाचा माळ असला तरच हे सगळे एका शिवारात नांदतात. जोसेफ कॉनेल यांनी १९७८ साली पर्जन्यवनं आणि प्रवाळ यांच्याबद्दल हेच मांडलं. मोडतोड फार कमी झाली की सर्वांत जोरदार स्पर्धक बाकीच्यांना हुसकावतो, फार जास्त झाली की थोडेच चिवट जीव उरतात, आणि मधल्या पायरीवर विविधता सर्वाधिक असते. माझ्या मते आमचा माळ हा त्या मधल्या पायरीचा नमुना आहे.

शंकेखोर : ‘मधली पायरी’ हा शब्द फार सोयीचा आहे. विविधता सापडली की मोडतोड मध्यम होती म्हणायचं आणि नाही सापडली की ती कमी किंवा जास्त झाली म्हणायचं. असा सिद्धान्त कधीच चुकत नाही, म्हणून तो मला काही शिकवतही नाही. कॉनेल यांचं गृहीतक पुढे शेकडो ठिकाणी तपासून पाहिलं गेलं. मॅकी आणि करी यांनी २००१ मध्ये या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा मधे उंच आणि दोन्ही टोकांना खाली असा उंटाच्या पाठीसारखा आलेख पाचांतल्या एका अभ्यासातही धड दिसला नाही. २०१३ मध्ये जेरेमी फॉक्स यांनी तर हे गृहीतक सोडूनच द्या, असं सांगणारा लेख लिहिला. त्यांचा आक्षेप निरीक्षणापेक्षा तर्कावर अधिक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आपल्याला वाटतं, मेंढ्या चरल्या की गवतांची गर्दी कमी होते, स्पर्धा मंदावते आणि दुबळी जात वाचते. पण मेंढी दुबळ्या जातीलाही खाते. गर्दी कमी झाल्याचा जो फायदा तिला होतो, तो स्वतः खाल्लं गेल्याच्या तोट्यात फिटून जातो. दोन गवतांपैकी ‘अ’ हे ‘ब’पेक्षा सदासर्वकाळ सरस असेल, तर दर वर्षी दोघांचेही निम्मे ठोंब कापा, शेवटी ‘अ’च उरेल. वेळ थोडा जास्त लागेल इतकंच. नुसती मोडतोड कुणालाही कुणाबरोबर राहायला शिकवत नाही.

माळप्रेमी : दोघांना सारखंच कापलं तर तुमचं गणित बिनचूक आहे. पण मेंढी सारखं कापत नाही. मेंढ्यांचं खांड माळावरून जाताना बघा. पवना आणि मारवेल कोवळी असेपर्यंत मेंढ्या ती आधी ओढतात. कुसळीला दाणे धरले की तिच्याकडे पाठ फिरवतात, कारण ती कुसळं लोकरीत घुसतात, कातडीला टोचतात, तोंडाला जखमा करतात. म्हणजे श्रावणात एक गवत मार खातं आणि आश्विनात दुसरं सुटतं. शिवाय हे सगळं एका जागी होत नाही. आज इथे, आठवड्याने तिथे. जे गवत मोकळ्या जागेवर चटकन रुजतं पण गर्दीत टिकत नाही, त्याला नेहमी कुठे ना कुठे ताजी मोकळी जागा मिळत राहते.

शंकेखोर : आता तुम्ही नेमकी गोष्ट बोललात, पण ती तुमच्या पहिल्या दाव्यापेक्षा वेगळी आहे. इथे काम केलं ते जातींमधल्या फरकानं. एक जात पसरण्यात पटाईत, दुसरी टिकण्यात. एक मेंढीला आवडती, दुसरी नावडती. मोडतोडीनं त्या फरकाला वाव दिला. फरकच नसता तर चराई कितीही ‘मध्यम’ असो, काही उपयोग नव्हता. तेव्हा ‘किती मोडतोड’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘कशामुळे कुणाला संधी मिळते’ हा घ्या. आणि तो घेतला की दुसरी बाजूही मान्य करावी लागते. मोकळ्या जागेचा फायदा उठवण्यात सर्वांत तरबेज कोण? गाजर गवत. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण आज प्रत्येक उकरलेल्या कडेला आहे. वेडी बाभूळ घ्या. शेळ्या-मेंढ्या तिच्या गोड शेंगा खातात, बी लेंड्यांतून माळभर पेरतात, पण तिच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. तुमची चराईच तिची पेरणी करते. उजनीच्या पाण्यात चिलापीनं आणि परदेशी मांगुरानं काय केलं ते भिगवणच्या मासेमारांना विचारा. नदीचं धरण झालं, वाहतं पाणी उभं राहिलं, पुण्या-पिंपरीचं सांडपाणी त्यात आलं. त्याहून मोठी मोडतोड ती कोणती? त्यातून स्थानिक माशांची विविधता वाढली का?

माळप्रेमी : उजनीचं उदाहरण काढलंत ते बरं झालं, कारण ते दोन्हीकडून कापतं. धरण १९८०च्या सुमारास पुरं झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. माशांच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण फुगवट्याचं पाणी दर वर्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. कुंभारगाव, डिकसळकडे गाळाचे उथळ पट्टे उघडे पडतात, त्यात शेतकरी गाळपेर करतात आणि त्याच चिखलात रोहित पक्षी चोची उलट्या करून गाळ गाळत फिरतात. पाणी उशिरापर्यंत भरलेलं राहिलं की त्यांना उभं राहायला जागाच नसते, मग ते उशिरा येतात किंवा दुसरीकडे जातात. एकच धरण आहे, पण त्यात दोन प्रकारची मोडतोड आहे. नदी एकदाच आणि कायमची अडवली गेली, ती मोडतोड परत फिरत नाही. पाण्याची चढ-उतार मात्र दर वर्षी फिरून येते. माझा जीव या दुसऱ्या प्रकारावर आहे. माळाच्या बाबतीत चराई आणि वणवा हे फिरून येणारे आहेत. नांगर, रोपवाटिकेतून आणलेल्या गिरिपुष्पाच्या रांगा, त्यांच्यासाठी जेसीबीनं खोदलेले सलग समतल चर, औद्योगिक वसाहत हे सगळं एकदाच येतं आणि बसतं. ज्याला आपण हिरवाई म्हणून टाळ्या वाजवतो, त्या झाडांच्या रांगा माळाच्या दृष्टीनं चराईपेक्षा कितीतरी मोठी मोडतोड आहेत. मुळांचं जाळं एकदा तुटलं की ते वीस-तीस वर्षांत भरून येत नाही. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या जुन्या गवताळ प्रदेशांच्या नोंदी एकत्र करून हेच दाखवलं. नांगरलेला किंवा उकरलेला माळ पुन्हा हिरवा दिसायला लागतो, पण त्यात जुन्या माळाच्या वनस्पती परतायला शतकं लागू शकतात.

तुम्हाला एक गोष्ट जवळून दाखवतो. कुसळीचं पिकलेलं बी हातात घ्या. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले तांबूस केस आणि वर दोन-तीन बोटं लांबीचं काळपट, पिळाचं कुसळ. तळहातावर थुंकीचा ओलावा द्या, कुसळ गरगर उलगडायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ घेतं. जमिनीवर पडलेलं बी दवानं ओलं आणि उन्हानं कोरडं होत होत स्वतःला मातीत पिळून घेतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. वणवा वरून निघून जातो तेव्हा हे बी बोटभर खाली सुरक्षित असतं, आणि ठोंबाच्या कोंबाचा जीव जमिनीच्या पातळीलाच असल्यानं पाऊस पडला की तो फुटतो. वणवा आणि खूर या गवताला नवे नाहीत. ते त्यांच्याबरोबरच घडलेलं आहे. दख्खनच्या माळाचं हे वय आता मराठी साहित्यातूनही तपासलं जातंय. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात, ओव्यांत आणि कथांत आलेल्या झाडा-गवतांची नावं गोळा केली, ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत घनदाट जंगलाची झाडं थोडी, उघड्या काटेरी माळाची जास्त. म्हणजे पूर्वी इथे अरण्य होतं आणि धनगरांनी ते चरून उजाड केलं, ही गोष्ट आपण विनाकारण एका समाजाच्या माथी मारत आलो.

शंकेखोर : धनगरांवरचा तो आरोप खोटा आहे, हे मला मान्य आहे आणि तो मागे घेतला गेला पाहिजे. इथे झाडं लावणं हे पुण्यकर्म नव्हे, हेही मान्य. पण जुनी मोडतोड चांगली आणि नवी वाईट, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ‘पूर्वापार चालत आलंय’ या आधारावर काहीही टिकवता येतं. शिवाय जुनी म्हणजे किती जुनी? मेंढ्यांची संख्या, त्यांची जात, त्यांचा मुक्काम, सगळं बदललंय. लोकरीला भाव उरला नाही, मटणाला आला. आजचं खांड आणि शंभर वर्षांपूर्वीचं खांड ही एकच मोडतोड आहे, असं मानायला आधार काय?

आणि याहून खोलवरचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही मोडतोड म्हणून जे जे मोजता, त्यातला दुष्काळ मी वेगळा काढतो. फिलिप ग्राइम यांनी १९७०च्या दशकात वनस्पतींसाठी ही विभागणी केली होती. ताण वाढू देत नाही, मोडतोड वाढलेलं नष्ट करते. पाण्याची ओढ, मुरमाड जमीन, क्षार हा ताण. चराई, आग, नांगर ही मोडतोड. माळेगावला २००९ मध्ये अजैविक ताणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, ती याच पहिल्या गटासाठी, आणि जागाही नेमकी निवडली, नुसता कातळ आणि मुरूम. बारामतीला सरासरीनं पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कसा? मृगात शिडकावा, मग आषाढ-श्रावणात आभाळ येतं आणि वाऱ्यावर निघून जातं, खरा पाऊस उत्तरा-हस्तात परतीचा. एखाद्या वर्षी तोही दगा देतो. १९७२ आहे, २०१२-१३ आहे, २०१८-१९ आहे. माझा संशय असा आहे की तुम्ही जे श्रेय मेंढीला देता, ते या लहरी पावसाचं आहे. पीटर चेसन आणि नॅन्सी हंटली यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच सांगितलं. हवामान खडतर असणं किंवा बदलतं असणं एवढ्यानं जाती एकत्र राहत नाहीत. प्रत्येक जातीला वेगळं वर्ष मानवलं पाहिजे, आणि चांगल्या वर्षाची कमाई वाईट वर्षात पुरवून वापरायची सोय तिच्याकडे हवी. खर्चुडी घ्या. तिचा कंद जमिनीखाली पडून राहतो. पाऊस नीट लागला तर वेल येते, कंदिलासारखी फुलं येतात. नाही लागला तर ती वर येण्याची घाई करत नाही. वर्षायू गवतांचं बी मातीत वाट पाहतं. एकाला मृगाचा पाऊस लाभतो, दुसऱ्याला हस्ताचा. या सहजीवनासाठी मेंढी कशाला लागते?

माळप्रेमी : हा तुमचा सर्वांत जोरदार मुद्दा आहे. त्यावर मला थोडं वेगळ्या वाटेनं जाऊ द्या. पाऊस आणि मेंढी या दोन गोष्टी तुम्ही सुट्या करताय. माळावर त्या सुट्या नव्हत्या. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारी बिऱ्हाडं, दिवाळीनंतर पश्चिमेला निघायचे. मावळ, भोर, कोकणापर्यंत. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. पावसाळा तोंडावर आला की परत फिरायचं, कारण कोकणच्या चिखलात मेंढीचे खूर सडतात. पण परतीची घाई नसायची. घरच्या माळावर पाऊस पडल्याची खबर आली की पाय उचलायचे. पाऊस लांबला तर बाहेरच थांबायचे. म्हणजे ज्या वर्षी गवताला सर्वांत जास्त विश्रांती हवी, त्या वर्षी मेंढ्या आपोआप कमी किंवा उशिरा. दुष्काळ फार ताणला तर जनावरं मरायची. ते क्रूर होतं, त्याचे मी गोडवे गात नाही. पण पुढच्या चांगल्या पावसात माळावर तोंडं कमी असायची आणि गवत वर यायचं. केनियातल्या तुर्काना प्रदेशाबद्दल एलिस आणि स्विफ्ट यांनी १९८८ मध्ये हीच रीत दाखवली होती. तिथे जनावरं गवताला संपवत नाहीत, दुष्काळ दोघांनाही एकत्रच खाली आणतो आणि एकत्रच वर येऊ देतो.

मग इथे काय बदललं? ऊस आला. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, पुढे साखर कारखाने आले, मग विहिरी, बोअर, ठिबक. आणि उसाबरोबर वाढे आले. उसाचे हिरवे शेंडे, गाळप हंगामात ट्रॉल्या भरभरून. पूर्वी ज्या वर्षी माळावर काडी उरायची नाही, त्या वर्षी आज वाढ्यावर जनावर तगतं. तगलेलं जनावर मृगाचे दोन शिंतोडे पडले की पहिल्याच आठवड्यात माळावर सोडलं जातं. त्या वेळी गवताचा कोंब मुळात साठवलेल्या शिदोरीवर वर येत असतो, त्याला एक पानही स्वतःचं कमावता आलेलं नसतं. तेव्हाच तो कापला गेला की ठोंब मरतो. मेंढ्या तेवढ्याच असतील, कदाचित कमीही झाल्या असतील. पण चराई पावसापासून सुटली. माझा दावा आता तुम्ही असा लिहून घ्या : माळाची विविधता मोडतोडीच्या प्रमाणावर टिकत नव्हती, मोडतोड पावसाच्या पावलानं चालत होती यावर टिकत होती.

शंकेखोर : लिहून घेतला. हा दावा पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, कारण तो खोटा ठरू शकतो. त्याला पाठिंबाही मिळेल. इलियस आणि ओ’कॉनर यांनी १९९९ मध्ये एलिस-स्विफ्ट यांच्या मांडणीला दुरुस्ती सुचवली ती हीच. कोरड्या काळात जनावरांना तगवणारा एखादा खात्रीचा चारा असला, की त्या चाऱ्यावर पोसलेला कळप उरलेल्या रानावर जास्त ओझं टाकतो. आफ्रिकेत तो चारा नदीकाठचा, तुमच्या इथे उसाचा. पण मला यात तीन भोकं दिसतात. पहिलं, वाढे जातात मुख्यतः गाई-म्हशींच्या गोठ्यात. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये चारा छावण्या लागल्या, तेव्हा जनावरं दावणीला बांधलेली होती, माळावरून उठलेली होती. त्या वर्षी माळाला विश्रांती मिळाली असेल. म्हणजे उसामुळे माळावरचं ओझं वाढलं की कमी झालं, हे तर्कानं ठरत नाही. दुसरं, मेंढपाळ स्वतः कमी होत चालले आहेत. मुलं एमआयडीसीत जातात, ट्रॅक्टर चालवतात. उद्याचा धोका अतिचराईचा नसून अजिबात चराई नसण्याचा असेल. तिसरं आणि मला सर्वांत छळणारं, तुम्ही विविधता म्हणता तेव्हा कुणाची? गवतांची, पक्ष्यांची, की लांडग्याची? यांचे हितसंबंध एक नाहीत.

माळप्रेमी : तिसऱ्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण तिथे माझं मन अडकलंय. या माळावरचा लांडगा बहुतांशी मेंढ्या-शेळ्यांवर जगतो. त्याला पुरतील इतके चिंकारा नाहीत. म्हणजे इथे लांडग्याचं असणंच वाड्याच्या फिरण्याला बांधलेलं आहे. वाडे थांबले, तर लांडगा कोंबड्यांच्या शेडबाहेर फेकलेल्या मेलेल्या पक्ष्यांवर येतो. तिथे कुत्री असतात, कुत्र्यांबरोबर रोग येतात. पुण्याजवळच्या माळावरचे दोन प्राणी लांडगा-कुत्रा संकराचे असल्याचं जनुकीय तपासणीतून दिसलं, ते संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. तिकडे उसात बिबट्या आलाय, बारामती-इंदापूरपर्यंत पोचलाय. प्राण्यांची यादी केली तर संख्या घटलेली दिसणार नाही, वाढलेलीच दिसेल. पण मला यादी नको आहे. बिबट्याला राहायला सह्याद्री आहे, ऊस आहे, गावाची कड आहे. धाविकाला, खोकडाला, माळावरच्या लांडग्याला माळ सोडून दुसरं घर नाही.

शंकेखोर : म्हणजे तुम्ही विविधता हा मोजमापाचा शब्द सोडला आणि ‘ज्यांना दुसरीकडे जागा नाही ते’ ही निवड केलीत. मला ती निवड पटते. फक्त ती निवड आहे हे लक्षात असू द्या, परिसंस्थाशास्त्र ती तुमच्यासाठी करून देत नाही. आणि एकदा ती केली की भरतपूर आठवतं. तिथलं केवलादेव १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, म्हशींची चराई बंद केली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. बंदीचा आग्रह धरणाऱ्यांत मोठमोठे पक्षीतज्ज्ञ होते, त्यांचा हेतू शुद्ध होता. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासानं दाखवलं की म्हशी गेल्यावर पासपालम गवतानं पाणी भरून टाकलं आणि पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. तुम्ही हे उदाहरण चराईच्या बाजूनं द्याल. माझ्या लेखी त्याचा धडा वेगळा आहे. बंदी घालण्याआधी एका कोपऱ्यात पाच वर्षं म्हशी बंद करून, शेजारच्या कोपऱ्यात चालू ठेवून बघितलं असतं, तर गोळीबाराची वेळ आली नसती. आता तुमच्या माळाचं तेच करायचंय. मृगाचे पहिले तीन आठवडे काही तुकड्यांवर चराई बंद, काहींवर चालू. काहींवर फक्त हस्तानंतर चराई, काहींवर वर्षभर बंद, काहींवर नियंत्रित जाळ. प्रत्येकाच्या चार-पाच जोड्या, मुरमावर आणि खोल मातीवर वेगवेगळ्या. आणि हे एका चांगल्या, एका वाईट पावसावर न सोडता निदान पंधरा-वीस वर्षं. त्याशिवाय मेंढी आणि पाऊस यांचा वाटा वेगळा कळणार नाही.

माळप्रेमी : प्रयोगाला माझा विरोध नाही. मला कुंपणाची भीती आहे. तार लावली की चिंकारा अडतो, आणि कुंपण आलं की वनखात्याच्या कागदावर ती जागा रोपवनाला मोकळी दिसते. गेली कित्येक वर्षं माळ सरकारी नोंदीत पडीक म्हणून मोजला जातोय. मी सुचवतो ते असं : तुकडे दगडाच्या खुणांनी आखा, आणि कुठे कधी चारायचं ते वाड्यांच्या प्रमुखांबरोबर बसून ठरवा. कडबनवाडीला आणि शिर्सुफळला २०२४ पासून गवताळ सफारी सुरू आहे, स्थानिक तरुण वाटाड्ये आहेत. तेच नोंदी ठेवतील. मेंढपाळाला हे नियम पाळणं परवडावं म्हणून त्या तीन आठवड्यांचा चारा त्याला द्यावा लागेल.

शंकेखोर : चारा कुठला देणार?

माळप्रेमी : वाढे. दुसरं काय आहे इथे?

शंकेखोर : मग तुम्ही पुन्हा तीच गाठ बांधताय जी माळाला नडते आहे, असं तुम्हीच सांगितलंत. उसाच्या चाऱ्यावर तगवलेला कळप, फक्त तीन आठवडे उशिरा सोडलेला. कदाचित ते तीन आठवडेच पुरेसे असतील, तुमच्या कोंबाच्या शिदोरीचा हिशेब खरा असेल तर. कदाचित पुरेसे नसतील, कारण तगलेला कळप उरलेलं वर्षभर जास्त खाईल. आणि हस्त कोरडा गेला तर तुमचे मेंढपाळ करार पाळतील का, हे मी कुठल्या पुस्तकातून सांगणार?

माळप्रेमी : ते मीही सांगू शकत नाही. पण त्यांना विचारता येईल. पाऊस फसल्यावर थांबायचं कुठे, कळप किती ठेवायचा, कोणता विकायचा, हे निर्णय ते पिढ्यान्‌पिढ्या घेत आलेत. तुमच्या प्रयोगात तो निर्णयच मोजायचा राहतोय. तुकड्यावर किती मेंढ्या होत्या हे तुम्ही लिहाल. त्या तिथे का होत्या आणि शेजारच्या माळावर का नव्हत्या, हे लिहिल्याशिवाय आकडा अर्धाच राहील.

शंकेखोर : तो रकाना वाढवायला माझी हरकत नाही. मात्र तो भरला की तुमच्या दाव्याचीही कसोटी लागेल. पावसाच्या पावलानं चालणं हा वाड्यांचा जुना शहाणपणा होता की दुसरा पर्यायच नसल्यामुळे आलेली सक्ती, हे त्यात दिसेल. सक्ती असेल, तर वाढे मिळायला लागल्यावर ते तसं चालणार नाहीत, आणि मग माळासाठी पावसाची ती चाल दुसऱ्या कुणाला तरी पाळावी लागेल.